राष्ट्रपतींची अप्रत्यक्ष निवडणूक कितपत लोकशाहीची?

भारताचा राष्ट्रपती निवडताना सामान्य मतदाराला मत नसते. संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य मतदान करतात. नामनियुक्त सदस्य आणि विधान परिषदेचे आमदार यातून वगळलेले आहेत.

घटना समितीत के. टी. शहा यांनी थेट निवडणुकीची मागणी केली होती, पण ती फेटाळली गेली. कारभार लोकसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाने करायचा आणि राष्ट्रपतीने त्याच्या सल्ल्याने वागायचे, असे ठरले होते. देशभराचा कौल मिळवून आलेला राष्ट्रपती नामधारी राहायला सहजी तयार झाला नसता. अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथेही निवड अप्रत्यक्षच होते, पण राष्ट्राध्यक्षाच्या हाती खरी सत्ता असते. त्यामुळे २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते जास्त मिळूनही त्या हरल्या, हे लोकशाहीला अधिक बोचणारे आहे.

भारतात आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने आणि मग एक हजाराने भागतात. त्यानुसार महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५, उत्तर प्रदेशचे २०८, गोव्याचे २० आणि सिक्कीमचे ७ मूल्याचे आहे. सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज निर्वाचित खासदारांत समान वाटली जाते, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांचे पारडे जवळपास सारखे राहते.

मतदान गुप्त असते, पसंतीक्रमाने होते आणि त्याला पक्षादेश लागू नसतो. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीवर कोणालाच बहुमत मिळाले नाही. तिसऱ्या क्रमांकावरचे चिंतामणराव देशमुख आणि इतर मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी यांनी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना हरवले. २००७ मध्ये शिवसेनेने भाजपच्या आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली. मात्र असे प्रसंग विरळाच. एरवी पक्षांचे संख्याबळ मोजले की निकाल आधीच कळतो.

थोडक्यात, निवड अप्रत्यक्ष आहे एवढ्यावरून ती लोकशाहीविरोधी ठरत नाही. मत देणारे स्वतः निवडून आलेले असतात आणि पदाची सत्ताही मर्यादित आहे. खोट आहे ती लोकसंख्येच्या आकड्यात. मतमूल्य आजही १९७१ च्या जनगणनेवर ठरते. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून हा आकडा गोठवला गेला. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तोच कायम राहील, अशी संविधानातील तरतूद आहे.