गालाआडची पडवी

घाटकोपर स्टेशनबाहेर पश्चिमेला शेअर रिक्षांची रांग असते. तिसरी सीट भरेपर्यंत रिक्षावाल्याचा अंगठा तळहातावर फिरत असतो. तंबाखूत चुना मळून झाला की दोन थापट्या, उडालेली धूळ, आणि मग खालचा ओठ चिमटीत ओढून बार आत सरकवायचा. दंतवैद्य असल्यामुळे या शेवटच्या हालचालीवर माझी नजर खिळते. बार डावीकडे बसतो की उजवीकडे, हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. तो माणूस उद्या माझ्या खुर्चीत बसलाच, तर आरसा आधी कुठे न्यायचा ते मला माहीत असतं.

बाकी तोंडाची ओळख शाळेच्या पुस्तकात झालेलीच आहे. बत्तीस दात, वर टाळू, ती पुढे कडक नि मागे मऊ, तिच्या टोकाला पडजीभ, दोहो बाजूंना टॉन्सिल, खाली जीभ, आणि लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या. एवढं पुरे. मला बोलायचंय ते दातांच्या बाहेरच्या जागेबद्दल.

दात घट्ट मिटले तरी तोंडात एक जागा मोकळी राहते. आतल्या अंगाला दात-हिरड्या, बाहेरच्या अंगाला गाल आणि ओठ. माजघराला कडी लावली तरी पडवीत बसता येतं, तशातली ही जागा. जेवताना घास इथे घरंगळतो आणि गालातला बक्सिनेटर नावाचा पातळ स्नायू त्याला परत दाढांखाली ढकलतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या माणसाच्या गालात भात साचून राहतो, तो हा स्नायू संपावर गेल्यामुळे.

वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालावर जिभेचं टोक फिरवून बघा. बारीकसा उंचवटा लागेल. कानाजवळच्या ग्रंथीतली लाळ बक्सिनेटरला भेदून इथे उतरते. कैरीचं नाव काढताच तोंडाला सुटणाऱ्या पाण्यातलं बरंचसं इथलंच. ही नळी नील्स स्टेन्सन या विशीतल्या डॅनिश विद्यार्थ्याला १६६० साली ॲमस्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं कापताना सापडली. पुढे या गृहस्थांनी भूगर्भशास्त्राचा पाया घातला आणि शेवटी ते बिशप झाले! विषय सोडून सांगतोय, पण असा माणूस सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर पडवी. इथे ठेवलेली वस्तू जीभ सहजी उकरून काढू शकत नाही, म्हणून बार तासन्‌तास जागचा हलत नाही. चुना लागतो कशाला? चुन्याच्या क्षारामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या नाजूक अस्तरातून झरझर रक्तात उतरतं. सोबत नायट्रोसअमाइन्स नावाची कर्करोगकारक द्रव्यंही त्याच अस्तराला चिकटून बसतात. बार जिथे, बरोब्बर तिथेच पांढरा, सुरकुतलेला चट्टा. मशेरी लावणाऱ्या आजीबाईंचा चट्टा हिरडीवर असतो, कारण त्यांचं बोट तिथे फिरतं.

डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी चक्क मुंबईच्या पोलिसांची तोंडं तपासली, अशा चट्ट्यांचा तंबाखूशी संबंध दहा वर्षं पाठपुरावा करून पाहिला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तपासणीचा त्यांचा लेखही आला. मला या कामाचं फार अप्रूप आहे. हातात आरसा, उजेड आणि चिकाटी, बस्स.

पाश्चात्त्यांच्या पुस्तकांत तोंडाचा कर्करोग म्हटलं की जीभ आणि जिभेखालचा तळ. आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या बेचक्यातला इतका आढळतो की डॉक्टरमंडळी त्याला ‘भारतीय’ तोंडाचा कर्करोगच म्हणतात. हिरडीखाली लगेच जबड्याचं हाड, त्यामुळे ते पोखरलं जायला वेळ लागत नाही.

सुपारीची तऱ्हा वेगळी. मुलुंडहून येणारा एक कॉलेजातला पोरगा वडापाव चिमटी-चिमटीने तोडून खायचा, कारण तोंडच उघडत नव्हतं. निरोगी माणसाच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावतात; त्याचं जेमतेम एक. गाल पांढुरका, आणि आतून बोट फिरवलं की उभे ताठ पट्टे लागायचे. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे अस्तराखाली कोलॅजन साचतं, आणि सुपारीतलं तांबं ते आणखी घट्ट विणायला मदत करतं. केनियातल्या भारतीय बायकांमध्ये श्वार्ट्झने १९५२ साली हा आजार नोंदवला, आपल्याकडे जोशींनी १९५३मध्ये. सुपारी सोडली तरी आखडलेलं तोंड आपोआप पूर्ववत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं, महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तरी लग्नघरात गोड सुपारीचं ताट पोरांपुढे फिरतंच. ते फिरवणाऱ्यांवर माझा खरा राग आहे.

पडवी मागे अक्कलदाढेच्या पाठीमागच्या छोट्या त्रिकोणात संपते. मला सर्वांत धास्ती वाटते ती या कोपऱ्याची. त्याच्या पलीकडे चावण्याच्या स्नायूंचा कप्पा आहे. रोग तिथे शिरला की जबडा आवळतो, आणि गाठीची पायरी थेट चौथी-ब, म्हणजे सर्वांत वरची.

खालच्या बाजूचे कप्पे पुवाचे. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं तोंडाचा तळ तोलणाऱ्या मायलोहायॉइड स्नायूच्या खाली पोचतात, म्हणून त्यांचा पू जबड्याखाली उतरतो आणि गळा सुजतो. दोन्ही बाजू आणि जिभेखालची जागा भरली तर जीभ वर-मागे ढकलली जाऊन श्वास कोंडतो. जर्मन डॉक्टर लुडविगने १८३६ साली याचं वर्णन केलं. दाढेत लवंग धरून आठवडा काढणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

जबड्याखालीच लसिकाग्रंथीही आहेत, आणि कर्करोग तोंडाबाहेर पडताना आधी त्यांच्यात उतरतो. मानेत काहीच हाताला लागत नसेल तर त्या आधीच काढाव्यात की वाट बघावी, यावर शस्त्रवैद्यांचं वर्षानुवर्षं एकमत नव्हतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर चाचणी घेऊन २०१५मध्ये उत्तर दिलं. आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात, वाट बघितली तर ६७.५. त्या चाचणीत बहुसंख्य रुग्ण मात्र जिभेचेच होते, पडवीतले थोडेच.