जर्मनीला जायचंय? भाषेबद्दलचे काही गैरसमज

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. प्रायोगिक टप्प्यात दहा हजार तरुणांना जर्मन शिकवून पाठवायचं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशी यादी. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेच्या आयटीआयवाल्या पोरालाही ती आपलीच वाटावी. यादीसोबत समजुतीही आल्या.

गैरसमज : तीन-चार महिन्यांच्या क्लासात जर्मन जमतं.
वस्तुस्थिती : एवढ्यात पाया होतो. गोएथे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्या मॅक्सम्युलर भवनच्या अंदाजाने, शून्यापासून 'बी-२' पातळीला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज चार, आठवड्याला पाच दिवस धरले तरी सात ते नऊ महिने, तेही कापूस वेचणीत खाडा न करता. नर्सच्या पदवीला तिकडे मान्यता मिळायची तर साधारण हीच पातळी मागतात.

गैरसमज : हातात कसब असलं की भाषा आपोआप येते.
वस्तुस्थिती : हा प्रयोग जर्मनीने करून पाहिला आहे. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार आणले. चार दिवसांचे पाहुणे म्हणून त्यांच्या भाषेकडे कुणी फारसं पाहिलं नाही. पाहुणे राहिले, पोरंबाळं झाली, शाळेत अडली. २००५ मध्ये सरकारी एकात्मता अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या नेहमीच्या आराखड्यात ६०० तासिका नुसत्या भाषेच्या. इतकं करूनही पहिल्या दिवशी कान गोंधळतातच, कारण परीक्षा प्रमाण जर्मनची आणि स्टुटगार्टकडचे जुने कामगार बोलतात श्वाबिश, म्हणजे तिथली बोली. पुस्तकी मराठी शिकलेला माणूस धामणगाव बढेच्या बाजारात उभा केला तर जे होईल, तेच. म्हणून क्लासमध्ये व्याकरणापेक्षा ऐकण्याचा सराव जास्त मागा, असं माझं मत.

गैरसमज : इथलं लायसन तिथे चालतं.
वस्तुस्थिती : तिथे राहायला गेल्यावर सहा महिने. पुढे तिथली परीक्षा. ट्रक-बस चालवायची तर व्यावसायिक पात्रता वेगळी.

गैरसमज : एजंटाला लाख-दोन लाख द्यावेच लागतात.
वस्तुस्थिती : नोंदणीकृत भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, इतकंच घेता येतं. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर मोबाइलवरूनही तपासता येते. वावर गहाण टाकण्याआधी तपासा.