रजेच्या जागेवर, बिनसाखरेची

सकाळी 8.45. कोथरूडहून पौडची बस. भूगावात नेहमीची कोंडी, पिरंगुटच्या घाटात धुकं. डब्यात भाकरी, मटकीची उसळ आणि एक पेरू. फळातली साखर मी मोजत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही मोजत नाही. तिचा 2015 चा सल्ला वरून घातलेल्या साखरेबद्दल आहे, आणि त्यात मधही येतो. ही साखर रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर 5. म्हणजे दिवसाला साधारण सहा चमचे. गूळ चालतो असं आपणच ठरवलंय.

10.30. मस्टरवर सही. प्रसूती रजेवर गेलेल्या मॅडमच्या जागी मी आहे. त्यांची रजा 180 दिवसांची, तेवढाच माझा मुक्काम.

11.00. परिपाठ संपला. माझे तास विज्ञानाचे, पण जो शिक्षक येत नाही त्याचा ऑफ तासही माझ्याच नावावर. आज इतिहास निघाला. मुळशी धरण, सेनापती बापट, 1921 चा सत्याग्रह. धरणात आजोळ गेलेल्यांची नातवंडं समोर बसलेली, त्यामुळे पुस्तक मिटूनच बोलले.

दुपारी 12.15. एकीचा वाढदिवस. चॉकलेटचा डबा माझ्यापुढे. घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. ‘मॅडम, आत्ता खा ना!’ घरी नेऊन पुतणीला देणार म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

1.30. मधली सुट्टी, आणि खरी परीक्षा. पाणी उकळलं की मावशी चहाच्या पातेल्यात साखर घालतात. आलं किसून पडतं, दूध ओततात, उकळी वर आली की गाळणी. त्यातून माझ्यापुरती साखर काढायची कशी? वेगळा चहा मागायचा, तर दुसरं भांडं, वेगळा गॅस, वरचं काम. कायम नोकरीतल्या सरांना वेगळा कप मिळतो; सहा महिन्यांच्या पाहुणीने मागितला की नखरा होतो.

‘डायबेटिस हाय का, मॅडम?’
‘नाही हो मावशी, सोडलीये.’
‘मग घोटभर घ्या की! एवढ्यानं काय व्हतंय?’

आता मी साखर पडायच्या आधीच आत जाते, उकळतं पाणी कपात घेते आणि घरून आणलेला गवती चहा त्यात टाकते. मावशींना काम पडत नाही आणि मला सगळ्यांबरोबर बसता येतं. स्टाफरूममध्ये माणूस आपला होतो तो कपामुळे. आत काय आहे हे कोणी पाहत नाही.

3.15. डोळे मिटायला लागतात. पूर्वी इथे दोन बिस्किटं असायची, आता मूठभर फुटाणे.

3.40. पुन्हा ऑफ तास, आठवी. मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. आमची शाळा राज्य मंडळाची, पण फळा आहेच. एकाने बिस्किटाचा पुडा काढला. मागे लिहिलेलं: 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम साखर. पुडा 60 ग्रॅमचा. गणित मुलांनीच सोडवलं: 15 ग्रॅम, जवळजवळ चार चमचे.

‘मॅडम, माझ्या मामाचा ऊस कासारसाईच्या कारखान्यात जातो. सगळ्यांनीच साखर सोडली तर?’

मला चटकन उत्तर सुचेना. सोडायची नाही, मोजायची, एवढंच म्हटलं. त्याने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

संध्याकाळी 5.30. पौडच्या स्टँडवर गरम जिलेबीची कढई. वास फुकट आहे, घेतला.

8.00. आमटीत गूळ नाही म्हणून घरात निषेध. चिंच जरा कमी घातली.

इथलं काम संपलं की दुसरी शाळा, दुसरं पातेलं. तिथे मस्टरवर सही केल्या केल्या स्वयंपाकघर गाठायचं, हे ठरलंय.