चौघांचा इटलीचा बेत

मुले लहान असतात तोवर सहलीचा बेत बाप ठरवतो. आणि ठरवतो म्हणजे जाहीर करतो. महाबळेश्वर म्हटले की महाबळेश्वर, हंपी म्हटले की हंपी. खिडकीची जागा कोणाला मिळावी यावर भांडणे, एवढाच मुलांचा अधिकार. ही सत्ता पुढेही निर्वेध चालेल, अशा समजुतीत मी होतो. मुलगी बावीस वर्षांची झाली, मुलगा विसाव्यात आला. आमच्या घरात चार प्रौढ माणसे राहतात ही गोष्ट शिधापत्रिकेवर नोंदलेली होती, माझ्या मनात मात्र तिची नोंद झालेली नव्हती. ती इटलीने करून घेतली.

परदेशप्रवासाची ही आमची पहिलीच खेप. येत्या जानेवारीत मुलगी नोकरीसाठी बंगळूरला जाईल. मुलगाही त्यानंतर फार दिवस दिल्लीत राहील असे नाही. चौघांनी मिळून असे दूर जाण्याची ही पहिली संधी कदाचित शेवटचीही ठरेल, हा विचार माझ्या मनात होता आणि मी तो कोणापाशी बोललो नव्हतो. न बोललेला विचार माणसाच्या हातून भलतेच काही करवून घेतो. मी बारा दिवसांत नऊ गावांचा कार्यक्रम आखला. रकाने पाडून, वेळा घालून, शासकीय दौऱ्याचा असावा तसा. मिलानला सकाळी उतरून संध्याकाळी व्हेरोना, दुसऱ्या दिवशी व्हेनिस, तिसऱ्या दिवशी बोलोन्या.

हा कागद मुलीकडे गेला तो समासात “चर्चा करावी” असा शेरा घेऊन परत आला. शेरा माझ्याच वळणाचा होता, म्हणून हसू आले. मुलाने मात्र कागद पाहून शांतपणे विचारले, “बाबा, मी आलो नाही तर चालेल का?”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला कारण विचारले. तो म्हणाला की आपल्या आजवरच्या सहलींतले त्याला एकच स्पष्ट आठवते: कोठेही जरा उभे राहावे, की मागून “चला, चला” असा माझा आवाज येई. बचावादाखल मला सांगण्यासारखे पुष्कळ होते. आगगाडीच्या वेळा काही मी ठरवीत नव्हतो. पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

मग आम्ही निराळी रीत धरली, आणि प्रौढ मुलांसह दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या कोणालाही तीच सुचवावी असे मला वाटते. चौघांनी आपापल्या कागदावर एकच गोष्ट लिहायची: जी घडली नाही तर आपल्यापुरता हा प्रवास अपुरा राहील अशी. मुलीने लिहिले, फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात बोत्तिचेल्लीची चित्रे, आणि तासाभरात उरकलेली नव्हेत, तर दिवसभर. मुलाने लिहिले, पाँपेई. आणि खाली जोडून, एक पूर्ण दिवस एकट्याने. सौभाग्यवतींनी लिहिले होते की सकाळी एखाद्या चौकात खुर्चीवर बसून कॉफी घ्यावी आणि त्या वेळी घरातल्या कोणीही आपल्याला काहीही विचारू नये. मी लिहिले, व्हेनिस. एम.ए.ला असताना शेक्सपिअरच्या नाटकातून त्या नगरीचे वेड लागले होते, ते अद्याप उतरलेले नाही.

या चार चिठ्ठ्यांनी नऊ गावांचा निकाल लावला. येथे थोडे गणित सांगितले पाहिजे. इटलीतील जलद गाड्या उत्तम आहेत: रोमहून नेपल्स सव्वा तासाच्या आत येते, रोमहून फ्लॉरेन्स दीड तासावर आहे. त्यामुळे नकाशासमोर बसलेल्या माणसाला वाटते की गाव बदलणे म्हणजे काहीच नाही. पण सामान आवरणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे, नव्या गावी खोली मिळेपर्यंत पेट्या ठेवायला जागा शोधणे, हे सारे मिळून प्रत्येक मुक्कामबदल अर्धा दिवस तरी खातो. नऊ गावे म्हणजे आठ बदल, म्हणजे चार दिवस केवळ पेट्या ओढण्यात. अकरा रात्रींची वाटणी आम्ही अशी केली: नेपल्स तीन, रोम चार, फ्लॉरेन्स चार. व्हेनिस गळले. ते मीच खोडले, आणि खोडताना कोणी थांबवील अशी आशा धरून हात जरा सावकाश चालवला, हेही कबूल करतो. कोणी थांबवले नाही.

व्हिसाच्या कामी एक गोष्ट ध्यानात आली. अठरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा अर्ज स्वतंत्र, सही तिची स्वतःची, बोटांचे ठसे द्यायला हजर तिनेच राहायचे. मुलाच्या अर्जावर बापाच्या सहीला जागाच नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिरा करून चालत नाही. शहाणपण दोन-तीन महिने आधी करण्यात आहे. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान तीन महिने उरलेली असावी लागते, आणि प्रत्येकाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो झाले आहे. माझ्यासारख्या सरकारी नोकराला याखेरीज खात्याची अनुमती आणि परदेशी जाण्यासाठी मंजूर झालेली रजा लागते. रजा-प्रवास सवलत देशाबाहेर लागू नाही, हे एका हितचिंतक सहकाऱ्याने मला न विचारता सांगितले.

तिकिटांच्या बाबतीत इटली अलीकडे पूर्वीपेक्षा काटेकोर झाली आहे. कोलोसियमचे तिकीट आता नावानिशी आणि ठरावीक वेळेचे असते. पाँपेईलाही नोव्हेंबर २०२४ पासून नावाची तिकिटे आली असून दिवसाला वीस हजारांहून अधिक माणसे आत सोडत नाहीत. म्हणून तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मध्ये, कधी शेवटी, कधी मुळीच नाही, अशी परिस्थिती असते. ती तेथील द्वारपालाला समजावून सांगणे कठीण. शासकीय संग्रहालयांत अठरा वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत आहे, मग ते कोणत्याही देशाचे असोत. अठरा ते पंचवीस या वयाला मात्र मिळणारी मोठी सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. म्हणजे आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो असतो तर मुलाचे पैसे वाचले असते. मुलाचे म्हणणे असे की तीन वर्षांपूर्वी त्याला एकट्याचा दिवसही मिळाला नसता.

जसा आपल्याकडे प्रत्येक गावाचा बाजारवार वेगळा, तसा तेथे प्रत्येक संग्रहालयाचा सुटीचा वार वेगळा. उफ्फिझी सोमवारी बंद, नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद. मुक्कामाच्या तारखा या वारांशी ताडून पाहिल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. आम्ही ऑक्टोबर निवडला तो हवेसाठी. ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि १५ तारखेच्या सणाच्या आगेमागे खुद्द इटालियन लोकच गाव सोडून समुद्रावर जातात, पुष्कळ दुकानांना कुलपे असतात.

राहण्याची सोय हा नाजूक विषय आहे. लहान मुले आईबापांच्या खोलीत जमिनीवरही झोपतात. मोठ्या भावाबहिणीला एक खोली देता येत नाही. आम्ही तिन्ही गावी तीन निजण्याच्या खोल्यांची बिऱ्हाडे घेतली. तसे करताना दोन प्रश्न आधी विचारावेत: लिफ्ट आहे काय, आणि स्नानगृहे किती. जुन्या इमारतींत चौथ्या मजल्यावर जिन्यानेच जावे लागणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि माझ्या पत्नीचा गुडघा आता जिन्यांशी सलोखा राखून नाही. भाड्याखेरीज दरडोई, दर रात्रीचा नगरकर तेथे गेल्यावर द्यावा लागतो.

खाण्याची धास्ती मात्र अनाठायी होती. आमच्या घरी पत्नी शाकाहारी आहे. पास्ता, भाज्या, घेवड्याचे दाणे, चीज न घातलेला मारिनारा नावाचा पिझ्झा यांवर माणूस सुखाने राहू शकतो. फक्त भाज्यांच्या सारात मांसाचा अर्क नाही ना, हे विचारावे, आणि पार्मेझान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात हे ज्याला खटकेल त्याने ते टाळावे. ‘बार’ ही पाटी दिसताच दचकू नये. सकाळी कॉफी मिळते ती तेथेच, आणि उभ्याने घेतली तर पुष्कळदा स्वस्त पडते. सौभाग्यवतींची कॉफी बसून घ्यायची असल्याने तिची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी केली आहे.

पैशाचा प्रश्न मला वाटला होता त्याहून अवघड निघाला. मुलीने प्रशिक्षणाच्या काळातील विद्यावेतनातून शिल्लक टाकली होती आणि आपला वाटा आपण देणार असा तिचा हट्ट होता. मी नाही म्हटले. तिचा चेहरा उतरलेला पाहून उमगले की मी तिचे पैसे नाकारले नाहीत, तिचे मोठेपण नाकारले. अखेर चौघांची उफ्फिझीची तिकिटे तिने काढावीत असे ठरले. त्या दिवशी आम्ही तिचे पाहुणे. मुलाच्या एकट्याच्या दिवसाचाही तह झाला: दिवस रोममधला, दुपारी एक निरोप पाठवायचा, रात्री आठ वाजता जेवणाला हजर. संकटप्रसंगी फिरवायचा ११२ हा क्रमांक चौघांनी लिहून ठेवला. तो दिवसभर काय करणार, हे मी अद्याप विचारलेले नाही. विचारायचे नाही, हा तहाचाच भाग आहे.

फ्लॉरेन्सला चार रात्री मिळाल्या तेव्हा मला आणखी एक जागा आठवली. मी कोल्हापूरचा. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासाला गेले, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर रोजी वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांचे दहन झाले. त्या ठिकाणी, काशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, १८७४ साली उभारलेली छत्री आणि आत त्यांचा अर्धपुतळा आजही आहे. जवळच्या मोठ्या पुलालाही लोक त्या ‘इंडियन’ राजाच्याच नावाने ओळखतात. त्या प्रवासातील त्यांची रोजनिशी १८७२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. मी हे जेवताना सांगितले. मुलाने विचारले, “वय काय होते त्यांचे?” मी म्हणालो, “वीस.” तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “तिथे मी तुमच्याबरोबर येईन, बाबा.”

त्यानंतर त्यानेच नेपल्सच्या संग्रहालयाची माहिती काढली. पाँपेईच्या उत्खननात १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती तेथे आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली जाण्यापूर्वी ती समुद्र ओलांडून गेली होती. आपल्या मराठवाड्यातील भोकरदन आणि तेर येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. उलट दिशेने आलेली पोसायडनची कांस्यमूर्ती मी लहानपणी कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात अनेकदा पाहिली होती. हे सांगताच मुलाने पाँपेईचा दिवस मागे घेऊन संग्रहालयाचा दिवस पुढे घेतला, कारण पुढे घेतला नसता तर मंगळवार आडवा येत होता. कार्यक्रमाचा कागद आता त्याच्याकडे असतो.

व्हेनिसचे काय झाले, ते सांगायचे राहिले. गेल्या आठवड्यात मुलीने तो कागद माझ्यापुढे ठेवला. फ्लॉरेन्सच्या तिसऱ्या दिवशी तिने नवी ओळ घातली होती. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जलद गाडीने सव्वादोन तास लागतात. सकाळी निघून रात्री परतता येते. (नुसते दिवसापुरते जाणाऱ्यांकडून व्हेनिसची नगरपालिका २०२४ पासून वर्षातील काही ठरावीक दिवशी प्रवेशकर घेते, ते दिवस आधी पाहून ठेवावेत.) गाडी कालव्याच्या काठावर नेऊन सोडणाऱ्या सान्ता लुचिया स्थानकापर्यंतची असावी, अलीकडच्या मेस्त्रेपर्यंतची नव्हे, हेही तिने कंसात लिहिले होते. तिकिटांची संख्या मात्र दोन होती. मी म्हणालो, “आपण चौघे आहोत ना?”

“आम्ही दोघे फ्लॉरेन्समध्येच राहू,” ती म्हणाली. “तुम्ही आणि आई जा.”

मी पत्नीकडे पाहिले. तिने विचारले, व्हेनिसच्या चौकात खुर्च्या असतात ना?