सीमेवरच्या रांगेचे गणित रस्त्याखालच्या तारेत

विशेष प्रतिनिधी

साखरखेर्डा (जि. बुलडाणा) : सीमा म्हणजे काय, हे साखरखेर्ड्याला इतिहासाने शिकविले आहे. १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांची निर्णायक लढाई येथेच झाली. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि निजामाच्या मराठवाड्याची हद्द या परिसराच्या उशाशी आली. १९५६ मध्ये विदर्भ व मराठवाडा एकाच राज्यात आले व ती सीमा पुसली गेली. आज येथून सोयाबीन वा कापूस घेऊन इंदूरकडे निघालेला ट्रक चिखली, बुलडाणा, मलकापूर, मुक्ताईनगर असा प्रवास करून मध्य प्रदेशात शिरतो. त्याचे भाडे किलोमीटरवर ठरते. मात्र वाटेत थांबून राहण्यात किती तास गेले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडण्याचे साधन आता रस्त्याच्या पोटातच उपलब्ध आहे.

संवेदक काम कसे करतो?

जुने व प्रचलित साधन म्हणजे तारेचे वेटोळे. डांबरात चर पाडून त्यात तारेचे काही फेरे पुरतात व त्यातून विद्युतप्रवाह सोडतात. लोखंडी वाहन वरून गेले की वेटोळ्याचे विद्युतगुणधर्म किंचित बदलतात आणि यंत्र एका वाहनाची नोंद करते. चार मीटर अंतरावर दोन वेटोळी असली तर वेगही कळतो. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत ०.४ सेकंद लागले, म्हणजे वेग ताशी ३६ किलोमीटर. दुसरा प्रकार चालत्या वाहनाचे वजन टिपणाऱ्या पट्ट्यांचा. चाकाचा दाब पडताच पट्टीतून संकेत निघतो व प्रत्येक आसाचा भार नोंदला जातो. त्याच्या जोडीला क्रमांकपाटी वाचणारे कॅमेरे आणि फास्टॅग वाचणारी उपकरणे असतात.

महाराष्ट्राने २२ सीमा तपासणी नाक्यांचे संगणकीकरण 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर हाती घेतले. त्यासाठीचा करार २००९ मध्ये झाला. अच्छाड, नवापूर, हाडाखेड, कागल, इन्सुली ही त्यातील परिचित नावे. अशा नाक्यांची मूळ कल्पना सोपी आहे. चालत्या गाडीचे वजन आधी घ्यावे, जादा भार दिसला तरच ती स्थिर वजनकाट्यावर वळवावी व इतरांना वाट मोकळी करून द्यावी.

रांग मोजायची कशी?

रांगेचा अभ्यास हा मुळात बेरीज-वजाबाकीचा खेळ आहे. उदाहरणादाखल समजा, नाक्याकडे तासाला ९० ट्रक येतात आणि ६० बाहेर पडतात. तासाभराने ३० ट्रक रांगेत उरतील व शेवटच्याला अर्धा तास थांबावे लागेल. दोन तासांनी ही प्रतीक्षा एक तासावर जाईल. आत येणाऱ्यांची व बाहेर जाणाऱ्यांची एकत्रित संख्या आलेखावर मांडली, की दोन रेषांतील आडवे अंतर म्हणजे प्रतीक्षा आणि उभे अंतर म्हणजे रांगेची लांबी.

मात्र संवेदकही चुकतो. आत येणारे शंभरांत एक वाहन जरी निसटले, तरी रोज हजार वाहनांच्या नाक्यावर दहा दिवसांत शंभर वाहनांची तफावत पडते. मग आलेल्यांपेक्षा गेलेलीच वाहने अधिक दिसू लागतात. म्हणून नाका रिकामा असताना मोजणी पुन्हा शून्यावर आणावी लागते, किंवा एकाच वाहनाची नोंद दोन ठिकाणी जुळवून प्रत्यक्ष लागलेला वेळ काढावा लागतो. अमेरिका-कॅनडा सीमेवर ब्लेन येथे रस्त्यातील वेटोळ्यांच्या आधारे प्रतीक्षेचा अंदाज बांधला जातो व जुन्या नोंदी अभ्यासकांसाठी जपल्या जातात. टेक्सास-मेक्सिको सीमेवर मालमोटारींसाठी रेडिओ टॅगच्या पद्धतीचा वापर झाला आहे. आपल्याकडे एकाच मार्गिकेत दुचाकी, ट्रॅक्टर, ट्रक सारेच चालतात, त्यामुळे ही जुळणी अधिक जिकिरीची ठरते.

वजनाचा प्रश्न

वजनाच्या आकड्यांचे महत्त्व वेगळेच आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून एक ढोबळ नियम पुढे आला : रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार वीस टक्क्यांनी वाढला, तर हानी जवळजवळ दुप्पट होते. २०१८ मध्ये केंद्राने दोन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. २०१९ च्या कायदादुरुस्तीने जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड ठरविला. रस्ता फुटल्यावर खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि खड्ड्यांचा त्रास शेतमाल नेणाऱ्या प्रत्येकाला सोसावा लागतो.

नाके गेले तरी नोंद हवी

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवाकर आल्यानंतर विक्रीकराच्या नाक्यांचे प्रयोजन उरले नाही. गुजरातने २०१९ मध्ये आणि मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून परिवहन नाके बंद केले. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहन विभागाने नाके बंद करण्याचा प्रस्ताव पुढे आणला. नाक्यावरील अडवणुकीबद्दल वाहतूकदारांच्या तक्रारी जुन्याच आहेत. तथापि नाका हटविल्याने किती तास वाचले आणि जादा भाराच्या गाड्या वाढल्या काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच्या व नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय मिळणार नाहीत. नाक्याबरोबर संवेदकही उखडले गेले, तर हा निर्णय योग्य ठरला की नाही हे केवळ वादातच राहील.

अर्थात क्रमांकपाटीची नोंद म्हणजे माणसाच्या हालचालींचीही नोंद. त्यामुळे अभ्यासासाठी वाहनाची ओळख पुसून केवळ वेळ, वजन व संख्या खुली करणे इष्ट. तेवढी माहिती दर तासाला जाहीर झाली, तरी साखरखेर्ड्याहून माल पाठविणाऱ्याला गाडी पहाटे काढावी की रात्री, हे अंदाजावर नव्हे तर आकड्यांवर ठरविता येईल.