चैत्रातला आकाशपाळणा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका मागे पडला की तलासरीच्या दिशेने थोड्याच वेळात विवळवेढ्याचं महालक्ष्मी मंदिर लागतं. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, इथली यात्रा भरते आणि पंधरवडाभर चालते. मध्यरात्री गडाच्या सुळक्यावर देवीचा ध्वज चढतो. तो मान वाघाडी गावच्या सातवी घराण्याचा, आणि ध्वज येतो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. देवी आधी डोंगरावरच होती. एक गरोदर भक्तीण चढता चढता थकून पडली, तेव्हा देवीने सांगितलं, तू येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते. डहाणू-तलासरीच्या घराघरात ही कथा माहीत आहे.

ध्वजाबद्दल आणि देवीबद्दल दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतं. यात्रेतल्या आकाशपाळण्याबद्दल एखादी ओळ येते, फोटोखाली. माझ्या मते या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी सर्वाधिक प्रेम केलेलं यंत्र तेच आहे, आणि म्हणून हा लेख त्याच्यावर आहे.

पाळणा येतो ट्रकमधून, सुट्या लोखंडाच्या रूपात. यात्रेच्या काही दिवस आधी रिकाम्या शेतात गाड्या थांबतात आणि माणसं काम सुरू करतात. पहिलं काम जमिनीचं. भात निघून गेलेली जमीन वरून कडक दिसते, पण सगळीकडे सारखी नसते. तिच्यावर जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचतात आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून पातळी बघतात. गवंडी घराचा पाया बघतो त्याच रीतीने. मग दोन बाजूंची तिकाटणी उभी राहतात, त्यांच्या माथ्यावर आस बसतो, आसाला एकेक आरा जोडला जातो. आरे पुरे झाले की कड्याचे तुकडे बोल्टने आवळत नेतात. पाळणे सगळ्यात शेवटी टांगतात. प्रत्येक पाळणा आपल्या आडव्या दांड्यावर मोकळा झुलतो, म्हणून चक्र कुठेही असलं तरी बसणारा सरळच राहतो. बाकी सगळं लोखंड ताकदीसाठी आहे. पाळण्याला पाळणापण येतं ते या मोकळ्या टांगणीमुळे.

माणसं बसवण्याचीही रीत आहे. एका पाळण्यात माणसं चढली की चक्र अर्धं फिरवून समोरचा पाळणा खाली आणतात आणि तो भरतात, मग मधले. असं केलं नाही तर एका बाजूला वजन साठतं आणि मोटारीला चक्र ओढवत नाही. खाली उभा असलेला पाळणेवाला माणसांकडे नुसतं बघून त्यांच्या वजनाचा अंदाज घेतो. दोन धिप्पाड गडी आले तर त्यांच्यासमोर आई आणि तीन मुलं. ही गणितं त्याला कुणी शाळेत शिकवलेली नाहीत. लहान चक्रांना पूर्वी मोटारही नसे. दोन-तीन तरणे पोरगे आऱ्यांवर चढत, वर जाऊन कड्याला लोंबकळत आणि स्वतःच्या वजनाने चक्र खाली ओढत आणत. त्याहून जुना लाकडी रहाटपाळणा चार खोक्यांचा, हाताने फिरवायचा. महाराष्ट्रातल्या लहान जत्रांत तो अजून दिसतो.

आता पोटात येणाऱ्या गोळ्याबद्दल. लंडनमध्ये १३५ मीटर उंचीचं ‘लंडन आय’ आहे. त्याला एका फेऱ्याला साधारण अर्धा तास लागतो, आणि त्यात बसून पोटात काहीच होत नाही. आपला यात्रेतला पाळणा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, तरी बायका देवीचं नाव घेऊन किंचाळतात. फरक वेगाचा आहे. आसापासून पाळण्यापर्यंत ८ मीटर अंतर धरा आणि चक्र ८ सेकंदांत एक फेरा घेतं असं धरा. मग अगदी वरच्या टोकाला तुमचं वजन जवळपास निम्मं होतं, आणि तळाशी दीडपट. साठ किलोचा माणूस वर तीस किलोचा होतो आणि पुढच्या चार सेकंदांत नव्वदचा. शरीराला हा हिशेब कळत नाही. त्याला एवढंच कळतं की खालचा आधार गेला. रोलर कोस्टरमध्ये होतं तेही हेच, फक्त ते एका उतारात आणि एकदम होतं. म्हणून ज्यांनी आयुष्यात कधी रोलर कोस्टर पाहिलेला नाही, त्या उधवा-सायवनसारख्या इथल्या गावांतल्या माणसांना तो अनुभव अजिबात परका नाही.

मला हा गोळा पहिल्यांदा आला तो आत्याच्या कुशीत. आत्या डहाणूच्या बाजूला चिकूच्या वाडीत कामाला जायची. झाडावर चढून झेल्याने चिकू उतरवायचा, म्हणजे उंचीचं भय तिला नव्हतंच. पाळणा वरून खाली यायला लागला की बाकीच्या बायका डोळे मिटून घेत. आत्या डोळे उघडे ठेवून हसत असे, अगदी मोठ्याने. एरवी तिला मोठ्याने हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. घरात, वाडीत, बाजारात ती हळू बोलणारी बाई होती. त्या हसण्यासाठी मी दरवर्षी तिच्याच शेजारी बसायचा हट्ट धरायचो, आणि तीही मला दुसऱ्या कुणाजवळ बसू द्यायची नाही.

पैशांचाही हिशेब असायचा. ही यात्रा म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा मोठा बाजार. सुकट, बोंबील, मांदेलीचे ढीग लागतात, आणि चार महिने पुरेल एवढी सुकी मासळी घेतल्याशिवाय कुणी घरी फिरत नाही. ते पैसे मिळवणंही सोपं नसे. दिवाळीनंतर अर्धं गाव बाहेर जातं: कुणी वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, कुणी बांधकामावर, कुणी खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांतल्या बोटींवर. त्या कमाईतून आधी मासळी, मग मुलांचे कपडे, मग बांगड्या, आणि उरलं तर पाळणा. आमच्या घरी पाळण्याचे पैसे आत्या पदराच्या गाठीत वेगळे बांधून आणायची. मासळी कितीही महाग झाली तरी ती गाठ सोडत नसे. मला वाटतं, माणसाच्या आयुष्यात आनंदाची जागा कुठे आहे ते त्या गाठीवरून नीट कळतं.

गोराईचं ‘एस्सेल वर्ल्ड’ १९८९ मध्ये सुरू झालं. दूरदर्शनवरच्या जाहिरातीचं गाणं आमच्या बालवाडीतल्या मुलांनाही पाठ होतं. आमच्या भागातल्या शाळांच्या सहली भाईंदर-उत्तनमार्गे एसटीने तिथे जात. पहाटे अंधारात निघायचं, डबे गाडीतच संपवायचे. खरा रोलर कोस्टर मी तिथे पाहिला. ‘झिपर डिपर’ त्यातल्या त्यात सौम्य, आणि ‘हूला लूप’ माणसाला उलटं फिरवून आणणारा. रांगेत उभं असताना मी गाडीपेक्षा रूळच जास्त बघत होतो. डब्याला चाकं तीन दिशांनी असतात: रुळाच्या वर, बाजूला आणि खालच्या अंगाला. खालच्या चाकाची युक्ती अमेरिकेतल्या जॉन मिलरने शंभरेक वर्षांपूर्वी काढली. त्या चाकामुळे डबा रुळावरून उचलला जाऊच शकत नाही, आणि म्हणूनच पुढे एवढे उभे उतार आणि उलटे फेरे शक्य झाले.

उलटं झाल्यावर आमच्या वर्गातली मुलं ज्या आवाजात ओरडली तो आवाज मी ओळखला. महालक्ष्मीच्या पाळण्यातलाच तो.

एस्सेल वर्ल्ड कोविडनंतर थोडे दिवस उघडलं आणि २०२२ पासून बंद झालं. शेजारचं पाण्याचं उद्यान चालू राहिलं. बातमी वाचली त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं. मुंबईच्या उत्तरेकडच्या किती शाळांच्या किती मुलांनी पहिलं धाडस तिथे केलं असेल. त्याआधीच, २०१३ च्या एप्रिलमध्ये, दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी झाल्या होत्या: लोकलगाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली, आणि खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ उघडलं. तिथला ‘नायट्रो’ स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार कंपनीचा. उंची सुमारे ४० मीटर, पाच वेळा उलटं करणारा, आणि पायाखाली तळच नसलेला, पाय मोकळे लोंबतात. ४० मीटरवरून मोकळी पडलेली कुठलीही वस्तू खाली येईस्तोवर ताशी शंभर किलोमीटरचा वेग धरते. नायट्रोच्या पहिल्या उतारात बसणाऱ्याचं जवळपास तेच होतं. आता कॉलेजची मुलं पहाटेच्या लोकलने निघून तिथे जाऊन येतात. यंत्र अप्रतिम आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तिथे जाण्याचा खर्च वीटभट्टीवरच्या कुटुंबाला परवडणारा नाही.

अमेरिकेतल्या रोलर कोस्टरचा जन्म मात्र श्रीमंतांच्या बागेत झाला नाही. तिथे पेनसिल्व्हेनियात १८२७ मध्ये खाणीतला कोळसा डोंगरावरून खाली आणायला एक रूळमार्ग बांधला होता, नुसत्या उतारावर धावणारा. पुढे लोक पैसे देऊन त्या वाघिणींतून मौजेसाठी उतरू लागले. १८८४ मध्ये ला मार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर मौजेचा रूळमार्ग उभारला. तिकीट पाच सेंट, वेग ताशी दहाएक किलोमीटर, आणि बसायचं ते बाकावर, आडवं तोंड करून. गिरण्यांत नि गोद्यांत राबणारे लोक रविवारी त्यासाठी रांगा लावत. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने ८० मीटर उंचीचं चक्र उभं केलं. त्यात ३६ डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसं बसत. इतिहासात नाव फेरिसचं राहिलं, पण माणसं फिरवणारे लाकडी पाळणे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. सतराव्या शतकात तुर्की मुलखातून गेलेल्या युरोपी प्रवाशांनी त्यांची वर्णनं लिहून ठेवली आहेत.

कष्टाच्या चाकातून मौजेचं चाक निघालं, ही गोष्ट मला आमच्या मातीशी फार जवळची वाटते. तलासरी तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी वारली शेतमजुरांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत लिहिली आहे. त्याआधी सावकार-जमीनदाराने बोलावलं की हातचं काम टाकून जावं लागे, मजुरी मिळेलच असं नाही, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही वर्षानुवर्षं गडी होऊन राहत. अशा माणसाचा स्वतःचा असा दिवसच नसतो. त्याची नातवंडं आज यात्रेत स्वतःच्या कमाईचे पैसे मोजून तिकीट काढतात आणि दहा मिनिटं कुणाच्याही उपयोगाची नसलेली, निव्वळ आनंदाची म्हणून घालवतात. यात्रेतल्या करमणुकीला उधळपट्टी म्हणणारे शहाणे लोक मला भेटतात. त्यांनी झरीचा इतिहास वाचावा आणि मग पाळण्याच्या रांगेकडे बघावं.

पाळण्याशेजारी आता बरीच भावंडं उभी राहतात. ब्रेक डान्स, टोराटोरा, झुलणारी मोठी नाव, मौत का कुआँ. आणि ड्रॅगन. हा आमच्याकडचा स्वतःचा रोलर कोस्टर: लंबगोल रूळ, दोन-तीन उंचवटे, समोर हिरव्या-लाल पत्र्याचं अजगराचं तोंड. मोठ्या उद्यानातली गाडी एकदा वर ओढून सोडून देतात, पुढे ती उतारावरच्या वेगाने धावते. ड्रॅगनला मोटार सतत ढकलत असते. लहान मुलांना तो फार आवडतो, कारण त्यांना तो कळतो: अजगर येतो, वळतो, वर चढतो.

२०२० आणि २०२१ या दोन चैत्रांत यात्रा भरली नाही. देवीची पूजा झाली, पण शेतं रिकामी राहिली. आत्याचं तेव्हा वय झालं होतं, ती पाळण्यात बसतही नव्हती. तरी दोन्ही वर्षी तिने विचारलं, पाळणा आला का? २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा यात्रा भरली तेव्हा मी तिला गाडीतून घेऊन गेलो. ती खाली खुर्चीवर बसली आणि वर गेलेल्या बायकांचं ओरडणं ऐकून हसली.

यात्रेला जाणार असाल तर ऊन उतरल्यावर पण उजेड असताना पाळण्यात बसा. वरून एका बाजूला गडाचा सुळका आणि त्यावरचा ध्वज दिसतो, दुसऱ्या बाजूला महामार्गावरचे ट्रक मुंगीच्या रांगेसारखे गुजरातकडे जाताना दिसतात. लहान मूल असेल तर त्याला मध्ये घ्या, कडेला नको. समोरचा दांडा लागला की त्याची पिन पूर्ण आत गेली आहे ना, ते स्वतःच्या हाताने तपासा. पाळणेवाल्याला त्याचा राग येत नाही, उलट चांगला पाळणेवाला ती तुमच्या आधी तपासतो. पहिल्या दोन फेऱ्या संथ असतात, माणसं भरण्याच्या. खरा वेग त्यानंतर येतो. आणि उतरल्यावर घाईने पुढे जाऊ नका. पाळणेवाल्याला विचारा, आधी कुठल्या जत्रेत होतात, इथून पुढे कुठे. गर्दी नसेल तर तो तुम्हाला आसाचं बेअरिंगही दाखवेल.