मुक्या तारेची चौकशी

तारनाका या नावाचा उगम सांगताना जुनी मंडळी निजामाच्या अमदानीतील एका बागेचा, तिच्या तारेच्या कुंपणाचा आणि तेथील पहाऱ्याच्या नाक्याचा दाखला देतात. ते कुंपण केव्हाच गेले. आता त्या भागात तार म्हटली की विजेचीच, आणि पावसाळ्याच्या पहिल्या सरीबरोबर ती हटकून रुसते. घरोघर दिवे जातात, थोड्या वेळाने क्षणभर येतात आणि पुन्हा जातात. आपण चिडून म्हणतो, "हा काय खेळ चालवला आहे!" वास्तविक तो खेळ नव्हे, चौकशी असते.

सबस्टेशनातून निघणाऱ्या ११,००० व्होल्टच्या फीडरमध्ये दोष झाला की ब्रेकर आपोआप उघडतो. दोष झाला एवढे त्यावरून कळते. कोठे, ते कळत नाही. तेव्हा लाइनमन मधल्या खांबावरचा स्विच उघडून पुढचा निम्मा भाग तोडतो आणि ब्रेकर पुन्हा लावून पाहतात. टिकला, तर दोष पुढे. उघडला, तर अलीकडे. मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग. फीडरचे सोळा तुकडे असले, तरी चार चौकशांत नेमका तुकडा हाती लागतो. त्यापुढे काम डोळ्यांचे आणि पायांचे: तडकलेला इन्सुलेटर, तारेला टेकलेली कडुलिंबाची फांदी. उन्हाळाभर इन्सुलेटरवर साचलेली धूळ रिमझिमीने ओली झाली, की वीज तिच्यावरून वाट काढते. मुसळधार पाऊस निदान ती धुऊन तरी टाकतो!

जमिनीखालच्या केबलपाशी डोळेही निरुपयोगी. तेथे तारायंत्राची जुनी विद्या कामी येते. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली तार काही आठवड्यांतच मुकी झाली होती. समुद्र काही उपसता येत नाही, दोषाचे अंतर काठावर बसूनच मोजायला हवे. 'मरे लूप' ही त्याच परंपरेतली युक्ती. बिघडलेली तार दूरच्या टोकाला धडधाकट तारेशी जोडायची आणि अलीकडे विजेचा तराजू लावायचा. केबल ६०० मीटरची, तर जाऊन-येऊन वेटोळे १,२०० मीटरचे. तराजूने चतुर्थांश दाखवला, की दोष ३०० मीटरवर. नवी यंत्रे तारेत विजेचा ठोका सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपतात. ठोका सेकंदाच्या दशलक्षांशात सुमारे १६० मीटर धावतो. शेवटी खणायचे कोठे, हे ठरवण्यासाठी केबलला जबर दाबाचे ठोके देतात आणि एक माणूस जमिनीचा आवाज कानाशी धरून रस्त्याने चालतो. 'धप्' जेथे सर्वांत मोठा, तेथे कुदळ.

हैदराबादेत आणखी एक अडचण आहे, ती आपल्या पायाखालच्या ग्रॅनाइटची. (जमिनीत वीज सोडून पाण्याचा माग काढणाऱ्या शास्त्राची, १९६१ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्था तारनाक्याच्या शेजारीच, हबशीगुड्याला आहे.) कोरडा खडक वीज सहज वाहू देत नाही. तुटलेली तार अशा जमिनीवर किंवा डांबरी रस्त्यावर पडली, तर प्रवाह इतका थोडा वाहतो की ब्रेकरला तो नेहमीच्या भाराहून वेगळा ओळखता येत नाही. तो उघडतच नाही. तार जिवंत पडून राहते आणि पहाटे दूधवाला त्याच वाटेने येतो. हा दोष यंत्रापेक्षा पुष्कळदा वाटसरूच्या टेलिफोननेच कळतो.

आणि एक दोष आपल्याच घरात असतो. दिवे गेले की आपण जनित्र लावतो. त्याची जोडणी चुकीची असली, तर वीज उलटी बाहेर पडते, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये चढून पुन्हा ११,००० व्होल्टची होते आणि ब्रेकर उघडा म्हणून खांबावर चढलेल्या माणसाच्या हाताशी पोचते. म्हणूनच जाणता लाइनमन तारेला हात लावण्याआधी आपल्या दोन्ही बाजूंना दांड्या अडकवून ती जमिनीशी जोडून घेतो. गच्चीवरून पाहणाऱ्याला तो वेळकाढूपणा वाटतो. काम आटोपल्यावर दांड्या निघतात, माणसे खाली उतरतात, मोजली जातात, 'लाइन क्लिअर' परत केल्याचा निरोप सबस्टेशनला जातो आणि मगच ब्रेकर लागतो.